शब्द पाठ करायचे तर रेकॉर्डिंगमध्ये रिकामी जागा सोडा

परकीय भाषेतल्या शब्दांची तयार यादी डाउनलोड करायची, हेडफोन लावायचे आणि येता-जाता ऐकत राहायचं, हा प्रयोग भाषा शिकणारा जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी करतो. काही दिवसांतच सगळे शब्द ओळखीचे वाटायला लागतात. मग प्रत्यक्ष बोलायची वेळ येते आणि साधं 'दार' किंवा 'किल्ली' म्हणायला शब्द सुचत नाही. तोच शब्द समोरच्याने उच्चारला की मात्र लगेच कळतो.

याचं कारण त्या रेकॉर्डिंगच्या रचनेत आहे. त्यात अर्थ आणि शब्द एकापाठोपाठ येतात आणि ऐकणाऱ्याला काही करायला वावच उरत नाही. स्वतःसाठी रेकॉर्डिंग बनवण्याचा खरा फायदा हा, की प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये हवी तेवढी शांतता ठेवता येते. माइक कुठला, अ‍ॅप कुठलं, आवाज किती गोड, हे सगळं त्यानंतर.

कान नेमकं काय करतो

नवा शब्द पहिल्यांदा कानावर पडतो तेव्हा आपल्यासाठी ती निव्वळ ध्वनींची माळ असते. ही माळ काही क्षण जशीच्या तशी धरून ठेवणारी एक तात्पुरती यंत्रणा आपल्याकडे आहे, अशी मांडणी ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली केली. तिला पुढे 'फोनॉलॉजिकल लूप' हे नाव रूढ झालं. आपण तिला ध्वनिवलय म्हणू. कुणी सांगितलेला फोन नंबर लिहून घेईपर्यंत आपण मनातल्या मनात पुटपुटत राहतो, ते हिचंच काम. तिची क्षमता फार तोकडी आहे. साधारण दोन सेकंदांत म्हणून होईल एवढाच ऐवज तिच्यात मावतो.

शब्द शिकण्यासाठी ही यंत्रणा किती महत्त्वाची आहे, हे एका रुग्णामुळे लख्ख दिसलं. शोधनिबंधांत 'पी. व्ही.' या आद्याक्षरांनीच ओळखल्या जाणाऱ्या एका इटालियन स्त्रीचं ध्वनिवलय मेंदूला झालेल्या इजेमुळे जवळजवळ निकामी झालं होतं. बाकी बुद्धी शाबूत होती. बॅडली आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी १९८८ साली तिच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखीच्या दोन इटालियन शब्दांच्या जोड्या ती इतरांसारख्याच लक्षात ठेवू शकत होती. पण जोडीतला दुसरा शब्द अनोळखी रशियन असला आणि तो फक्त ऐकवला, तर तिला तो काही केल्या शिकता येत नव्हता. परका शब्द डोक्यात कायमचा बसण्याआधी त्याला या छोट्याशा ध्वनिवलयातून जावंच लागतं, असा त्याचा अर्थ.

यातून रेकॉर्डिंगसाठी दोन गोष्टी थेट निघतात. एक म्हणजे नवा शब्द पहिल्यांदा एकटा किंवा अगदी छोट्या वाक्प्रयोगात द्यायचा. लांबलचक वाक्य सुरुवातीला दिलं तर ते शेवटापर्यंत पोचेस्तोवर सुरुवात निसटलेली असते. दुसरी म्हणजे ऐकताना ध्वनिवलय मोकळं हवं. चालताना, भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना ते मोकळं असतं. ईमेल लिहिताना किंवा बातम्या वाचताना नसतं, कारण ते काम करतानाही आपण मनात शब्दच घोळवत असतो. अशा वेळी लावलेलं रेकॉर्डिंग म्हणजे पार्श्वसंगीत. आणि गाडी चालवताना आठवण्याची कसरत करूच नये. तिथे लक्ष रस्त्यावर हवं.

ऐकणं वेगळं, आठवणं वेगळं

२००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांचा एक प्रयोग छापून आला. भाषा शिकणाऱ्याने तो एकदा तरी समजून घ्यावा. विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द अर्थासकट शिकायला दिले. 'माशुआ' म्हणजे होडी, अशा जोड्या. प्रत्येक शब्द एकदा बरोबर आठवला की पुढे काय करायचं, यावरून गट पाडले. काहींनी तो शब्द पुन्हा पुन्हा पाहिला, पण त्यावर परत चाचणी दिली नाही. काहींनी पुन्हा पाहिला नाही, पण चाचण्या देत राहिले. काहींनी दोन्ही केलं. त्या दिवशी सगळ्यांना सगळे शब्द येत होते. आठवड्याने तपासलं तेव्हा चाचण्या देत राहिलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले. चाचणी थांबवलेल्यांना जेमतेम एक तृतीयांश. एकदा जमल्यानंतर नुसतं पुन्हा पाहण्याने जवळपास काहीच पदरात पडलं नाही.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती विद्यार्थ्यांच्या अंदाजाची. आठवड्याने किती आठवेल असं आधीच विचारलं होतं, तर सगळ्याच गटांनी साधारण निम्मे असं सांगितलं. म्हणजे आपली पद्धत चालते आहे की नाही, हे शिकणाऱ्याला आतून कळत नाही. नुसतं ऐकणारा मनापासून समजत असतो की आपण शिकतोय.

रेकॉर्डिंगमधली शांतता ही म्हणूनच चाचणी आहे. प्रश्न ऐकला, उत्तर अजून आलेलं नाही, आणि त्या मधल्या काळात तुम्ही डोक्यात शोधाशोध करता. शोध फसला तरी हरकत नाही, काही सेकंदांत बरोबर उत्तर येणारच असतं.

एका शब्दाचं रेकॉर्डिंग, अगदी जवळून

जर्मनमधला 'दार' घेऊ. 'दी ट्यूर'. रेकॉर्डिंगचा क्रम मी असा ठेवेन: आधी मराठीत 'दार'. मग चार सेकंद काहीच नाही. मग जर्मन आवाजात 'दी ट्यूर'. दोन सेकंद मोकळे, त्यात तुम्ही मोठ्याने म्हणायचं. पुन्हा एकदा 'दी ट्यूर'. त्यानंतर एक छोटं वाक्य, 'माख दी ट्यूर त्सू', म्हणजे दार लाव. आणि ते म्हणायला तीन सेकंद. सगळं मिळून पंधरा सेकंदांच्या आत होतं. मिनिटाला चार शब्द, पाच मिनिटांत वीस. रोजच्या एका खेपेला एवढे पुरे.

चार सेकंदच का? याला कुठला पवित्र आधार नाही. दीड सेकंद ठेवला तर आठवायच्या आत उत्तर येतं आणि आपण परत नुसते श्रोते होतो. दहा ठेवले तर मन भलतीकडे जातं. शब्द अंगवळणी पडले की शांतता दोन सेकंदांवर आणावी, कारण गप्पांमध्ये कुणी चार सेकंद थांबत नाही.

'ट्यूर'च्या आधीचं 'दी' हे नामाचं लिंग दाखवणारं उपपद आहे, ते कधीही गाळू नये. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत, पण ती आपल्याशी जुळतीलच असं नाही. आपलं दार नपुंसकलिंगी, त्यांचं स्त्रीलिंगी. खिडकी आपल्याकडे ती, त्यांच्याकडे ते. नाम एकटं पाठ केलं तर लिंग नंतर वेगळं चिकटवावं लागतं आणि ते चिकटत नाही. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या भाषांनाही हेच लागू. क्रियापद असेल तर ज्या शब्दयोगी अव्ययासकट ते वापरतात, त्याच्यासकट नोंदवावं.

प्रश्नाची दिशाही ठरवून घ्यावी. परका शब्द ऐकून मराठी अर्थ सांगणं सोपं, मराठी ऐकून परका शब्द काढणं अवघड. पहिले एक-दोन दिवस सोपी दिशा चालेल. बोलता यायला हवं असेल तर नंतर उलटी दिशा घ्यावीच लागते. आणि प्रश्न म्हणून मराठी शब्दच हवा असंही नाही. कुत्र्याचं भुंकणं, पावसाचा आवाज, रेल्वेची शिट्टी हेही प्रश्न होऊ शकतात. त्यात मराठीचा टप्पा गळतो, हा वरचा फायदा. फक्त असे शब्द मोजकेच. 'अपेक्षा'चा आवाज कसा असतो, कोण जाणे.

पुन्हा कधी ऐकायचं

विसरण्याचा वेग पहिल्यांदा मोजला तो जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी. निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करायच्या आणि ठरावीक काळाने पुन्हा शिकायला किती कमी श्रम लागतात ते मोजायचं, असं त्यांचं तंत्र होतं. १८८५ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातून दिसलं की विसरणं सुरुवातीला धबाधब होतं आणि पुढे मंदावतं.

ध्वनिमुद्रणाच्या संदर्भात याचा थेट उपयोग केला अमेरिकेतल्या पॉल पिमस्लर यांनी. १९६७ साली त्यांनी नव्या शब्दाच्या उजळणीचं एक वेळापत्रक सुचवलं: ५ सेकंदांनी, मग २५ सेकंदांनी, मग २ मिनिटं, १० मिनिटं, १ तास, ५ तास, १ दिवस, ५ दिवस, २५ दिवस, ४ महिने, २ वर्षं. प्रत्येक अंतर आधीच्याच्या साधारण पाचपट. शब्द निसटायच्या बेतात असताना त्याला परत बोलवायचं, ही त्यामागची कल्पना.

घरी बनवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये यातले पहिले चार टप्पे बसवता येतात. 'दी ट्यूर' सुरुवातीला दिला, पाच सेकंदांनी परत विचारला, मग मध्ये दुसरा एखादा शब्द घालून अर्ध्या मिनिटाच्या आसपास, मग अडीच मिनिटांच्या सुमाराला, मग साडेबाराव्या मिनिटाला. सेकंद मोजत बसायची गरज नाही. अंतर वाढतं असावं की समान, यावर संशोधकांचं एकमत नाही, पण एका बैठकीत सलग घोकण्यापेक्षा विखरून केलेली उजळणी सरस ठरते, यावर मात्र आहे.

आवाज कुणाचा

प्रश्न स्वतःच्या आवाजात असावा, याला माझी हरकत नाही. उत्तर मात्र त्या भाषेत वाढलेल्या माणसाच्या आवाजात हवं. आपण चुकीचा उच्चार रेकॉर्ड केला तर ती चूक आपण स्वतःलाच शेकडो वेळा ऐकवणार, आणि तीच पक्की होणार. शब्दांचे उच्चार फोर्व्होसारख्या संकेतस्थळावर मूळ भाषिकांनी नोंदवलेले सापडतात. ओळखीचं कुणी असेल तर यादी पाठवून वाचून घेणं सगळ्यात उत्तम. संगणकाचा कृत्रिम आवाज आता बराच सुधारलाय, पण एकच लेखन आणि दोन उच्चार असतील तिथे तो अजून गडबडतो. चिनीत एकच चिन्ह 'छांग' वाचलं तर अर्थ लांब, 'चांग' वाचलं तर वाढणं. एकट्या शब्दावरून यंत्राने कुठला निवडायचा? तेव्हा यंत्राकडून वाचून घेतलेलं एकदा शब्दकोशाशी ताडून पाहावं.

स्वतःचाच आवाज ऐकण्याची बाजू घेणारे कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या नोआ फॉरिन आणि कॉलिन मॅक्लाउड यांच्या प्रयोगाचा दाखला देतात. त्यात मोठ्याने वाचलेले शब्द सर्वांत जास्त लक्षात राहिले, त्याखालोखाल स्वतःच्या ध्वनिमुद्रित आवाजात ऐकलेले, मग दुसऱ्याच्या आवाजात ऐकलेले आणि शेवटी मनात वाचलेले. प्रयोग चांगलाच आहे, पण ते शब्द लोकांना आधीपासून येत असलेल्या भाषेतले होते. तिथे उच्चार शिकायचा प्रश्नच नव्हता. मी त्यातून एवढंच घेईन की सर्वांत वरचं स्थान मोठ्याने म्हणण्याला आहे, आणि ते शांततेत उत्तर म्हणताना आपोआप साधतं. ओठ न हलवता ऐकणाऱ्याचं अर्धं काम वाया जातं.

उत्तरासाठी एकाहून जास्त आवाज मिळाले तर जरूर घ्यावेत. जपानी भाषकांना इंग्रजीतले 'र' आणि 'ल' वेगळे ऐकायला शिकवण्याचे प्रयोग १९९० च्या दशकात इंडियाना विद्यापीठात झाले. अनेक वक्त्यांचे आवाज ऐकून सराव केलेल्यांना नव्या माणसाचं बोलणंही ओळखता आलं. एकाच आवाजावर शिकलेल्यांना ते तसं जमलं नाही. २००५ साली जो बारक्रॉफ्ट आणि मिचेल सोमर्स यांनी स्पॅनिश शब्दांबाबत असंच दाखवलं: एकाच शब्दाची अनेक आवाजांतली आवृत्ती एकाच आवाजातल्या तेवढ्याच पुनरावृत्तीपेक्षा जास्त कामी आली.

देवनागरीत उच्चार लिहून ठेवायची सवय मराठी माणसाला असते, आणि ती काही अंशी उपयोगीही आहे. जर्मन 'त्साइट'मधला पहिला ध्वनी आपल्या 'चमचा'तल्या 'च'सारखा, त्यामुळे तो आपल्याला फुकटात मिळतो. पण 'ट्यूर' हे लेखन खोटं आहे. त्यातला स्वर आपल्या लिपीत नाही. जीभ 'ई'च्या जागी आणि ओठ 'ऊ'सारखे गोल केले की तो येतो. कागदावर 'ट्यूर' लिहून ते वाचणारा मराठी 'यू' म्हणत राहील. म्हणून आधी ऐकायचं, तोंडात बसवायचं, लिहायचं नंतर.

क्रम फोडायचा

साताचा पाढा घडाघडा म्हणणाऱ्याला मध्येच 'सात आठे किती' विचारलं, तर तो मनात सात एके सातपासून निघतो. शब्दांच्या यादीचंही अगदी तसंच होतं. रेकॉर्डिंगचा क्रम बदलला नाही तर 'दार'नंतर 'खिडकी' येणार हेच पाठ होतं. उत्तर आधीच्या शब्दाने पुरवलेलं असतं, प्रश्नाने काढलेलं नसतं. त्यामुळे एका शब्दाची एक फाइल करावी आणि प्लेअर शफलवर ठेवावा. पिमस्लरचं वेळापत्रक पाळायचं असेल तर क्रम ठरवावा लागतो, हे खरं. माझ्या मते पहिल्या दिवशी ठरवलेल्या क्रमाची एक लांब फाइल आणि दुसऱ्या दिवसापासून सुट्या फाइली शफलवर, ही तडजोड बरी.

रंगांचा एक गट, शरीराच्या अवयवांचा एक गट, असे एका जातीचे शब्द एकदम शिकणं पाठ्यपुस्तकांना फार आवडतं. थॉमस टिंकहॅम यांच्या १९९३ आणि १९९७ मधल्या प्रयोगांत असे शब्द एकत्र शिकायला उलट जास्त वेळ लागला. डावा आणि उजवा एकाच दिवशी शिकलेल्याला पुढे कितीतरी दिवस कुठला कुठला ते आठवावं लागतं. एक आज, दुसरा पुढच्या आठवड्यात.

करताना अडणाऱ्या गोष्टी

ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शांततेचा तुकडा नेमक्या सेकंदांचा घालता येतो, त्यामुळे माइकसमोर घड्याळ बघत गप्प बसावं लागत नाही. स्वतःचा आवाज मऊ गोष्टींच्या सान्निध्यात रेकॉर्ड करावा. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट समोर असलं की खोलीचा घुमारा जातो. वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले आवाज कमी-जास्त मोठे असतात, ते एका पातळीवर आणून घ्यावेत. बोलण्यासाठी मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) आणि ६४ केबीपीएस दर्जाची एमपीथ्री भरपूर झाली. त्यात मिनिटाला अर्धा एमबीसुद्धा लागत नाही. शंभर शब्दांची पंचवीस मिनिटं सुमारे बारा एमबीत मावतात.

आता तीन छुपे शत्रू. पॉडकास्ट ऐकायच्या अनेक अ‍ॅपमध्ये शांतता कापून टाकण्याची सोय असते. ती चालू राहिली तर ज्या चार सेकंदांसाठी एवढा खटाटोप केला, तेच गायब होतात. वेग दीडपट केला तर चार सेकंदांचे पावणेतीनच्या आत येतात. आणि काही ब्लूटूथ इअरफोन शांततेत झोपी जातात, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर गिळूनच जागे होतात. 'दी ट्यूर'मधला 'दी'च ऐकू येत नसेल तर दोष बहुधा इथे असतो. शांततेत अगदी हळू सळसळ भरली किंवा वायरचा हेडफोन लावला की तो जातो.

कुठला शब्द कुठे ठेवायचा

रेकॉर्डिंगची मोठी उणीव अशी की आपण चुकलो हे त्याला कळत नाही. अँकीसारखी कार्डांची (एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर) अ‍ॅप प्रत्येक उत्तराची नोंद ठेवतात आणि त्यानुसार पुढची तारीख ठरवतात. त्यांच्या कार्डावर आवाजही जोडता येतो. पण त्यासाठी स्क्रीनकडे बघून बटण दाबावं लागतं, आणि हात कामात असतानाच तर आपल्याला ऐकायचं असतं.

साधा तोडगा म्हणजे फोल्डर. १९७२ साली जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी कार्डांसाठी कप्प्यांची पेटी सुचवली होती: आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की पहिल्या. तेच फाइलींना लावायचं. 'रोज', 'तीन दिवसांनी' आणि 'आठवड्याने' असे तीन फोल्डर. आठवड्यातून एकदा बसून फाइली हलवायच्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही.

झोपेत रेकॉर्डिंग लावून ठेवण्याबद्दल विचारणारे नेहमी भेटतात. १९५६ साली सायमन आणि एमन्स यांनी मेंदूच्या विद्युतलहरी बघून खरोखर झोपलेल्यांनाच माहिती ऐकवली, तेव्हा सकाळी त्यांना काही आठवलं नाही. अलीकडे ब्यॉर्न राश आणि थॉमस श्राइनर यांनी जर्मन भाषकांवर केलेल्या प्रयोगात, संध्याकाळी शिकलेले डच शब्द झोपेत हळू ऐकवल्याने त्यांची आठवण सुधारली. म्हणजे आधी जागेपणी शिकलेलं असलं तरच. नवाच शब्द झोपेत ऐकून सकाळी म्हणता येईल, अशी आशा धरू नये.

'रोज'च्या फोल्डरमध्ये काही शब्द महिनाभर मुक्काम ठोकतात. त्यांना नुसतं आणखी ऐकून काही होत नाही. १९७५ साली रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी रशियन शब्दांसाठी वापरलेली युक्ती अशा वेळी चालते: परक्या शब्दासारखा ऐकू येणारा आपल्या भाषेतला शब्द शोधायचा आणि दोघांना एका चित्रात बांधायचं. जर्मनमध्ये सशाला 'हाझं' म्हणतात. खो-खो हसणारा ससा डोळ्यांपुढे आणायचा आणि नव्या फाइलीत प्रश्न 'हसणारा ससा' असा विचारायचा. आठवडाभराने प्रश्नातून 'हसणारा' काढून टाकायचं. तरीही जो शब्द हटून बसेल, त्याची फाइल सरळ पुसून टाकावी. खरोखर लागणारा असेल तर वाचनात किंवा बोलण्यात तो पुन्हा भेटेल, आणि तेव्हा ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासकट नव्याने नोंदवता येईल.